नाकेदार आणि त्रेसष्ट हुकूम

“परत!” नाकेदार तिसऱ्यांदा म्हणाला आणि केतकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आले.

आता हा नाकेदार म्हणजे कोणी मिशीवाला माणूस नव्हे हं! सासवडजवळच्या टेकडीवर चांद्र केंद्र होते. तिथल्या संगणकातला तो एक प्रोग्रॅम होता. चंद्रावरच्या यंत्रांना जे काही पाठवायचे, ते आधी त्याच्यासमोर ठेवायचे. तो ‘चला’ म्हणाला तर पुढे, ‘परत’ म्हणाला तर घरी. त्याच्यापुढे ओळख चालत नसे, विनवणी चालत नसे आणि रडणे तर मुळीच चालत नसे. केतकीला हे पक्के ठाऊक होते, कारण नाकेदाराला लिहिले होते तिच्या सख्ख्या आजीने, डॉ. मंदाकिनी जगदाळे यांनी.

“पण चूक काय आहे, ते तरी सांग ना रे!” केतकी पडद्याकडे बघून म्हणाली.

“चिठ्ठी आणि गाठोडे जुळत नाही. परत,” नाकेदार म्हणाला.

गाठोडे म्हणजे केतकीचा प्रोग्रॅम. तिने तो मराठीत लिहिला होता: ‘डावा पंजा धर’, ‘उजवा पाय सोड’, असा. चंद्रावरच्या यंत्राला एवढी मराठी कुठून येणार? म्हणून केंद्रातला नवा अनुवादक (माणसाच्या शब्दांचे यंत्राच्या आकड्यांत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) ते सगळे बाइटकोडमध्ये (यंत्राला चटकन उलगडता येतील अशा आकड्यांच्या हुकमांत) बांधून देई. बांधलेल्या गाठोड्यावर तो एक चिठ्ठीही लावी. हे कुणाचे, कुणासाठी आणि आत हुकूम किती, एवढेच त्या चिठ्ठीवर असे.

केतकीने चिठ्ठी पुन्हा उघडून पाहिली. दोन चौकोनी कप्पे होते. पहिल्यात ६, दुसऱ्यात ३. गाठोड्यातले हुकूम तिने बोट ठेवून मोजले. तेही त्रेसष्टच! मग जुळत नाही म्हणजे काय? नाकेदाराचे डोके तर फिरले नाही ना?

आणि फिरायला हाच दिवस सापडला होता. चंद्राच्या पश्चिम कडेला आजीचे काचघर होते आणि त्यात नाचणीची रोपे. चंद्राच्या मातीत पहिल्यांदाच रुजलेली, आता कणसे धरू लागलेली! काचघराला ऊब मिळे ती उंच खांबाच्या टोकावरच्या सोलर पॅनेलमुळे. त्या पॅनेलच्या बिजागरीत धूळ अडकली होती आणि ते छत्रीसारखे मिटून बसले होते. दीड दिवसाने तिथे सूर्य मावळणार आणि पुढे पंधरा दिवसांची काळीकुट्ट, हाडे गोठवणारी रात्र. बॅटरी भरायला एक अख्खा दिवस हवा. त्यातून अमावास्या तोंडावर आलेली, त्यामुळे सासवडहून दिसणारा चंद्र आज दुपारी चारलाच डोंगराआड जाणार. तो गेला की उद्यापर्यंत संपर्क बंद. म्हणजे पॅनेल आजच, चारच्या आत उघडायला हवे, नाहीतर रोपे गेलीच.

ते काम करणार होती ‘खार’, चार पंजांचा एक छोटा यंत्रमानव. पण गुळगुळीत खांबावर चढायचे कसे, ते खारीला शिकवणार कोण? केंद्रात एकापेक्षा एक हुशार माणसे होती, पण खांबावर चढलेले कुणीच नव्हते. केतकी मात्र रोज सकाळी शाळेच्या आखाड्यात मल्लखांबावर असे. आजीने सरळ तिलाच बोलावून घेतले.

“किती हुकूम झाले गं?” सकाळी आजीने विचारले होते.

“साठ तीन!”

“त्रेसष्ट म्हण की. साठ तीन काय? बाजारात भाव सांगतेयस का?”

“आम्हाला शाळेत असंच शिकवलंय. आधी साठ, मग तीन. लिहितो तसंच बोलायचं. तुझं त्रेसष्ट उलटं आहे, आजी. आधी तीन आणि मग साठ!”

“उलटं म्हणे! आम्ही उलटे बोलूनच चंद्रावर गेलो,” आजी फणकारली होती, आणि दोघी हसल्या होत्या. आता मात्र कुणीच हसत नव्हते.

मोहिमेचे प्रमुख बशीरकाका घड्याळाकडे बघत खोलीत शिरले. “मॅडम, आपल्याकडे तासभरसुद्धा नाही. नाका बंद करायची कळ आहे ना? दाबू या. गाठोडं थेट खारीला देऊ. केतकीचं काम चोख आहे, मी स्वतः बघितलंय.”

केतकीला वाटले, दाबाच ती कळ! पण आजी जागची हलली नाही.

“बशीर, रोपं माझी आहेत. माझा जीव तुझ्यापेक्षा जास्त टांगणीला लागलाय,” ती म्हणाली. “पण खार टोकावर पोचल्यावर चूक कळून काय उपयोग? ते वरातीमागून घोडं. चंद्रावर खार एकच आहे.”

“पण आजी, नाकेदार चढून तर बघत नाही. मग त्याला कळतं तरी कसं?” केतकीने विचारले.

“मला सांग, नवा संच खांबावर करायच्या आधी तुमचे सर काय करायला लावतात?”

“जमिनीवर उभं राहून तोंडी म्हणायचा! कुठला हात धरला, कुठला सोडला, किती पकडी उरल्या. चुकलं की खांबाला हातसुद्धा लावू देत नाहीत.”

“बस्स! नाकेदार तेच करतो. खार जागची हलत नाही, तो नुसता तोंडी संच म्हणून बघतो. आधी चिठ्ठी. मग प्रत्येक हुकूम खारीला माहीत असलेलाच आहे ना? ‘अमुक हुकमावर उडी मार’ असं लिहिलंय, तो हुकूम गाठोड्यात आहे ना? आणि मग पकडी मोजायच्या. जो पंजा धरलेलाच नाही, तो सोड म्हटलंय का?”

“आणि मी लिहिलंय ना, की बिजागरी नाही हलली तर मागे जाऊन पुन्हा ओढायचं?”

“तिथे तर तो दोन्ही वाटांनी चालून बघतो. बिजागरी हलली तर काय आणि नाही हलली तर काय. मागे आल्यावर पकडी पहिल्याइतक्याच हव्यात. एक जरी कमी असली तर दर फेरीला एकेक कमी होत जाईल, आणि मग?”

“धपकन!” केतकी म्हणाली.

“धपकन. पण एक लक्षात ठेव. पॅनेल उघडेल की नाही, ते त्याला कळत नाही. डब्याचं झाकण नीट लागलंय का, तेवढं तो बघतो. भाजी खारट आहे का, ते ज्याचं त्याने बघायचं.”

बशीरकाका येरझाऱ्या घालत होते. “सगळं मान्य, मॅडम. पण झाकण लागलेलं मला डोळ्यांनी दिसतंय! असं करू. अंगणात धाकटी खार आहे, हुबेहूब तशीच. नाका बंद ठेवून गाठोडं आधी तिला देऊ. ती चढली तर मोठीला पाठवू.”

अंगणात एरंडेल चोळलेला मल्लखांब रोवलेला होता. त्याच्या बुंध्याशी जाड गादी होती. बशीरकाकांनी कळ दाबली. धाकटी खार टुणकन खांबाला बिलगली आणि सरसर चढू लागली. काय तिची ऐट! केतकी आखाड्यातल्या सवयीप्रमाणे एकेक हुकूम मोठ्याने मोजू लागली.

“तीस तीन, तीस चार, तीस पाच...” आता उजवा पाय सोडायचा आणि लगेच वर धरायचा. “तीस सहा!”

खारीने उजवा पाय सोडला. आणि ती थांबली. तिच्या डोळ्यांतला हिरवा दिवा विझला, चारही पंजे सैल पडले आणि ती गादीवर येऊन आदळली. एक पंजा निखळून केतकीच्या पायाशी घरंगळत आला.

हीच खार चंद्रावर असती तर खाली गादी नसती. बशीरकाकांनी रुमालाने कपाळ पुसले आणि स्वतःचे दोन्ही कान पकडले.

“हुकूम संपले की खार विश्रांती घेते, पंजे सैल सोडते,” आजी हळूच म्हणाली. “तिला वाटलं, गाठोडं संपलं. का वाटलं कोण जाणे! नाकेदाराचा आणि या गाठोड्याचा अगदी छत्तीसचा आकडा आहे बाई.”

“काय म्हणालीस?” केतकी ओरडली.

“अगं, छत्तीसचा आकडा. म्हणजे वैर. तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून...”

पण केतकी ऐकायला थांबलीच नव्हती. ती अंगणातल्या मातीत बसली आणि तिने बोटाने लिहिले, ३६. त्याच्याखाली लिहिले, ६३. मग आनंदाने अशी काही किंचाळली की झाडावरचे पोपट उडाले.

“आजी! खार तीस सहाला पडली. तीस सहा म्हणजे छत्तीस! तिनं त्रेसष्टचं छत्तीस वाचलं! नवीन अनुवादकाला आकडे कुणी शिकवले?”

“तूच की. गेल्या आठवड्यात तास न् तास वाचून दाखवत होतीस,” बशीरकाका म्हणाले.

“हो ना! साठ तीन, साठ तीन! म्हणून तो आधी सहा ठेवतो आणि मग तीन. पण नाकेदार आणि खार कुणाच्या हातचे? आजीच्या! ते वाचतात त्रे-सष्ट. पहिल्या कप्प्यात एकक, दुसऱ्यात दशक. त्यांना पहिल्या कप्प्यात सहा दिसले, दुसऱ्यात तीस. सहा आणि तीस...”

“छत्तीस,” आजी म्हणाली आणि मटकन पायरीवर बसली. “अगं बाई! आणि चिठ्ठीच काय, उड्यांचे आकडेसुद्धा सगळे उलटे वाचले गेले असते. मी एवढी म्हातारी झाले, पण कुठल्या बाजूने वाचायचं ते चिठ्ठीवर लिहायला विसरले!”

“आता आपले जुने-नवे सगळे एकाच बाजूने वाचू देत. पळा!” केतकी म्हणाली.

तिघेही पळाले. आजीसुद्धा, पदर खोचून! केतकीने अनुवादकाला बजावले, आधी एकक, मग दशक. गाठोडे नव्याने बांधले गेले. बशीरकाकांनी नाका पुन्हा सुरू केला. केतकीने गाठोडे नाकेदारापुढे ठेवले आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

“चिठ्ठीवर त्रेसष्ट, आत त्रेसष्ट,” नाकेदार म्हणाला. “हुकूम सगळे ओळखीचे. उड्या सगळ्या गाठोड्यातच. पकडी...”

तो थांबला. केतकीने श्वास रोखला. नाकेदार दोन्ही वाटांनी चालून बघत होता, हे तिला आता माहीत होते.

“पकडी जुळल्या. चला!”

खिडकीतून चंद्राची फिकट कोर डोंगराला टेकताना दिसत होती. गाठोडे निघाले. तिकडे पोचायला त्याला सव्वा सेकंद लागला आणि तिकडचे चित्र इकडे यायला आणखी सव्वा. पडद्यावर काळे आभाळ, राखाडी जमीन आणि खांबापाशी उभी खार. ती हलली! चढू लागली! केतकीच्या तोंडून आकडे फुटत होते. छत्तिसाव्या हुकमाला खारीने उजवा पाय सोडला. बशीरकाकांनी डोळ्यांवर हात घेतला. आणि लगेच पुढच्या हुकमाला तोच पाय वर घट्ट बसला.

टोकावर पोचून खारीने बिजागरी ओढली. हलली नाही. ती मागच्या हुकमावर गेली, पकडी तेवढ्याच, आणि पुन्हा ओढली. पुन्हा नाही. तिसऱ्या खेपेला धुळीचा एक पदर सुटला आणि पॅनेल सावकाश उलगडले. मावळतीचे ऊन त्याच्यावर पसरले. काचघरातला दिवा लागला आणि त्या उजेडात नाचणीची चिमुकली कणसे दिसली, मुठी वळलेली. तेवढ्यात पडदा विझला. चंद्र मावळला होता.

आजी हसत होती आणि डोळे पुसत होती. “आता यापुढे प्रत्येक चिठ्ठीवर पहिली ओळ, वाचायची बाजू कोणती. उद्या मंगळावर कुणाकुणाची यंत्रं असतील, कोण कुठून वाचायला शिकलेलं असेल. आणि ती ओळ तपासायचं नाकेदाराला तू शिकवायचंस, केतकी.”

“मी?” केतकीचा विश्वासच बसेना.

बशीरकाका मोहिमेची नोंद बोलून ठेवत होते. त्यांनी विचारले, “एकूण किती हुकूम पाठवले आपण?”

“त्रेसष्ट!” केतकी ऐटीत म्हणाली.

आणि त्याच क्षणी आजी म्हणाली, “साठ तीन!”

दोघींनी एकमेकींकडे पाहिले, अगदी सहा आणि तीन बघतात तसे, समोरासमोर.