रोक्कासेल्वाचं गाऱ्हाणं

बहारीनमधल्या हिद्दच्या आमच्या वर्कशॉपमध्ये मी टॉवरची, मॉलची कितीतरी मॉडेल्स केली. अख्खं गाव मात्र पहिल्यांदाच, आणि तेही दक्षिण इटलीतलं! नॉर्मन राजांच्या काळची वेस, दोनदा पडून पुन्हा बांधलेला घंटेचा मनोरा, चौकातलं सिंहमुखी कारंजं. रोक्कासेल्वा मी कधी पाहिलं नव्हतं, पण तीन महिन्यांत गल्लीन्‌गल्ली पाठ झाली. जेवणाचंही भान राहत नसे.

ऑर्डर बुदैयाच्या अदीबाची. तिची आई मूळची तिथली, लग्न करून इथे आली आणि आमिना झाली. स्मृतिभ्रंशामुळे दोन वर्षं ती लेकीला ओळखत नव्हती. "गाव बघून तरी ओळखेल," अदीबा म्हणाली होती.

शेवटच्या आठवड्यात चर्चमागे एक जिना दिसला. एकाही फोटोत नसलेला.

"तुझा उद्योग ना?" मी आमच्या मालवणी सुताराला, संतोषला विचारलं.

"शप्पथ नाय, गौरवसायब. माका वाटला तुमीच केलास."

मी तो खरवडून काढला. दुसऱ्या सकाळी जिना जागेवर होता. पायऱ्या मधोमध झिजलेल्या, वर्षानुवर्षं वापरल्यासारख्या. घाबरायचं सोडून मी खूशच झालो. काय झकास काम होतं!

गुरुवारी सकाळी अदीबाने आईची व्हीलचेअर टेबलाशी आणली. आमिनाचे डोळे लकाकले. तिने जिन्यावर बोट ठेवलं.

"हा भूकंपात पडला. वर आमचं घर," ती अरबीत म्हणाली. मग अदीबाकडे वळून, "ही मुलगी कोण?"

अदीबाने ओठ चावला.

संतोषला राहवेना. तयार काम सोपवताना देवाला गाऱ्हाणं घालायचं, ही त्याच्या गावची रीत. त्याने नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा, ह्या गावच्या राखणदारा, जी लेकरां गावाभायर गेली असत, त्यांका सुखरूप घराक आण रे म्हाराजा!"

लहानपणापासून तोंडात बसलेलं वाक्य. आपण कुठल्या गावासमोर उभे आहोत, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

"व्हय म्हाराजा," मी साथ दिली.

नारळ फुटला. आम्ही तिघेही खाली वाकलो, पाणी पुसायला.

मान वर केली तर व्हीलचेअर रिकामी.

"मम्मा?"

जिन्याच्या वर, नखाएवढी खिडकी उघडली.

"अदीबा!" आवाज बारीक, पण स्वच्छ. "यल्ला, वर ये. जेवण निवतंय."

अदीबा हुंदका देऊन हसली. डोळे पुसत तिने संतोषचा हात धरला.

"भाई, वो फिर से बोलो. मेरे लिए."

वर्कशॉपभर तळलेल्या लसणाचा वास सुटला होता.