ज्ञानूचा तांब्या

तांब्याच्या गळ्याला बारीक पांढरी कड धरली होती. नखानं ती निघत होती, आणि खालचं पितळ हिरवं पडलं होतं.

१९४४ चा उन्हाळा. सांगलीत खाणावळींची आरोग्य तपासणी माझ्याकडे होती. हळदीच्या अडतींमागे चंद्राबाईंची खाणावळ. गोड्या पाण्याची विहीर, राखेनं घासलेली भांडी. माझा शेरा नेहमी चांगलाच असे. चंद्राबाई आणि त्यांची सून शालू, दोघींचं पोट त्या पंगतीवर होतं.

तांब्या कोपऱ्यातल्या पाटाशी होता. समोर वाढलेलं ताट. तिथं कुणी बसत नसे. चंद्राबाईंचा मुलगा ज्ञानू पलटणीबरोबर बोटीवर चढला, मग 'बेपत्ता' अशी तार आली. तेव्हापासून पहिलं ताट त्याचं. पंगत उठली की ते गाईला जाई. शालू कुंकू लावूनच वाढत होती.

तांब्यातलं पाणी परीक्षानळीत घेऊन मी मीठ ओळखायचे सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडले. नळी दुधासारखी झाली. विहिरीच्या पाण्यात मात्र जेमतेम धुरकटपणा आला. मी तांब्या बदलला, स्वतः भरला. जेवणं होईतो तोही खारट.

"कुणी मीठ टाकतं का यात?"

"आवं बाई, मीठ कुटं गावतंय हल्ली, सांडायला?" चंद्राबाई म्हणाल्या.

समुद्र घाटापलीकडे, फार दूर.

पुढच्या खेपेला शेजारच्या पाटांवरचे पेलेही खारट निघाले. भाऊसो गाडीवान ओरडला, "मावशे, भाजी अळणी कर की! पानीच खारवून ठेवलंयस." पंगत हसली. संध्याकाळी तो ओकून ओकून आडवा झाला.

"ते ताट थोडे दिवस मांडू नका," मी चंद्राबाईंना म्हणाले. "पाणी निवळलं तर ठीक. नाहीतर खाणावळ बंद करावी लागेल."

शालूचा हात कपाळाकडे गेला.

"सोमवारी सांगते," चंद्राबाई म्हणाल्या.

सोमवार गेला. त्याच्या पुढचाही गेला.

मी पुन्हा गेले तेव्हा भर दुपार होती. गाडीवान बाहेर सावलीत थांबले होते. विहिरीवर पोहरा सोडून पाणी काढलं. नळी दुधासारखी झाली.

आत आले.

ज्ञानूचा पाट ओला होता. माणूस बसेल एवढाच. कडेनं बारीक वाळू.

ताटातल्या भाकरीचा कोर मोडलेला होता. भाकरी अजून वाफाळत होती.

"आत कोण आलं होतं?"

"कोन न्हाई," शालू म्हणाली. मग हळूच, "भूक लागत आसंल त्यास्नी."

"चंद्राबाई, आज सांगावंच लागेल. ताट, की खाणावळ?"

त्यांनी पदरानं पाट पुसला नाही. दाराशी गेल्या, चौकटीला हात टेकला.

"जावा, बाबांनो," त्या गाडीवानांना म्हणाल्या. "आजपास्नं हितं कुनाला वाढायचं न्हाई. फकस्त माझ्या ज्ञानूला."