वार्निश न धरणारी जागा

कर्ण्यातून आवाज निघतो तो आतल्या कॉइलमुळे. दीड इंचाची कागदी नळी, तिच्यावर गुंडाळलेली केसाएवढी तांब्याची तार, आणि त्या तारेवर लाखेच्या वार्निशचे तीन हात. वार्निश कुठे सुटलं तर तार लोखंडाला टेकते, वीज भलतीकडे पळते आणि भर सभेत पुढाऱ्याचा आवाज बंद पडतो. त्यात लोकांचं फारसं नुकसान नाही म्हणा, पण कारखान्याचं नाव जातं. म्हणून अंधेरीला कुर्ला रोडवरच्या आमच्या शेडमध्ये वार्निशच्या खोलीत माझा हुकूम चालायचा. खाणीची धूळ येते म्हणून खिडक्या बंद. कॉइल स्पिरिटने धुवायची, मग चिमट्यानेच उचलायची. बोट लावायचं नाही, कारण बोटाचं तेल लागलं की तिथे वार्निश धरत नाही. बायका म्हणायच्या, कुंदाबाईंचं सोवळं सुरू झालं. म्हणेनात का.

१९५७च्या फेब्रुवारीत, एका सोमवारी, त्या खोलीतली वार्निश सुकवायची भट्टी भडकली. स्पिरिटची वाफ बाहेर काढणारा पंखा महिनाभर बंद होता. मॅनेजर विद्याधर साठ्यांना मी तीनदा सांगितलं होतं. कॉइल गुंडाळणारा जयवंत माल ठेवायला भट्टीपाशी गेला आणि भाजला. बुधवारी हॉस्पिटलात वारला. गोरेगावच्या चाळीत त्याची बायको मालन, तिच्या पदरात दोन मुली.

तेरावं झाल्यावर साठ्यांनी मला बोलावलं. टेबलावर जयवंतच्या नावाचा कागद होता: 'मी भट्टीजवळ बिडी पेटवली. चूक माझी आहे.' खाली अंगठा. साक्षीदाराची जागा रिकामी.

"इथे सही करा, कुंदाबाई. तुम्ही हॉस्पिटलात गेला होतात ना?"

"गेले होते. माझ्यासमोर कुणी अंगठा घेतला नाही. आणि जयवंत बिडी ओढत नव्हता. त्याला सही येत होती."

"भाजलेला माणूस पेन कसं धरणार? डावा अंगठा तेवढा शाबूत होता."

"त्याच अंगठ्याला शनिवारी तारेने चिरलं होतं. आडवी चीर, नखापर्यंत. चिंधी मीच बांधली. या ठशावर चीर कुठाय?"

साठे हसले. "चीर होती असं कोण म्हणतं? तुम्हीच ना? महिन्याभरात सरकारी इन्स्पेक्टर येईल. तोवर विचार करा. नोकरी आहे, ती सांभाळा."

चोराच्या उलट्या बोंबा! मी कागद त्यांच्याकडे सरकवला आणि उठले. मेलेल्या माणसाला तोंड नसतं, म्हणून त्याच्या माथी काहीही मारायचं?

पंखा लगेच दुरुस्त झाला, काम सुरू झालं. जयवंतच्या जागी शेवंती तार गुंडाळू लागली. पहिल्या दिवशी एका कॉइलवर वार्निश फाटलं. बाकी सगळी चकचकीत, एकाच जागी वाटाण्याएवढं उघडं तांबं. मी शेवंतीला झापलं.

"बोट लावलंस ना गं?"

"शप्पथ नाही, कुंदाताई. तूच तर धुतलीस."

मीच धुतली होती. दुसऱ्या दिवशी अशा सहा निघाल्या. मी वार्निशचा नवा डबा फोडला, चिमटे उकळले, हातमोजे घातले. त्या आठवड्याअखेर चोवीसच्या चोवीस कॉइल तशा आल्या, आणि सगळ्यांवर जागा एकच: गुंडाळताना डावा अंगठा टेकतो ती.

तपासणीच्या यंत्राला लावल्या. उघड्या तारेतून वीज गळायला हवी, काटा पडायला हवा. काटा हलला नाही. तिथे जणू काहीतरी होतं, माझ्या वार्निशपेक्षा पक्कं.

मग मी भिंग घेतलं. उघड्या जागेत बारीक रेघा होत्या, गोल फिरलेल्या. रेघांना कापत गेलेली एक आडवी चीर.

मी घाबरले, खोटं कशाला बोलू? हातातला चिमटा खाली ठेवून बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं. पण परत आले तेव्हा भीतीपेक्षा राग जास्त होता. साठ्यांनी माल भंगारात टाकायला सांगितला. मी टाकला नाही. प्रत्येक कॉइलला तारखेची चिठ्ठी बांधून डब्यात ठेवली.

मार्चच्या मध्याला इन्स्पेक्टर आला. वयस्क, चष्मा, काखेत छत्री. साठ्यांनी कागद पुढे केला. मी डबा पुढे केला, अंगठ्यावरच्या चिरेचं आणि बंद पंख्याचं सांगितलं.

त्याने भिंगातून दोन्ही ठसे पाहिले. मग मला विचारलं, "या कॉइल जयवंतनेच गुंडाळल्या होत्या?"

हो म्हटलं असतं तर काम तिथेच झालं असतं. साठे माझ्याकडे बघत होते. खोट्या कागदाला खोट्या तारखेने उत्तर द्यायचं असतं, तर मी सहीच केली असती.

"नाही. तो गेल्यावर तीन आठवड्यांनी. हिने, शेवंतीने."

साठे मोठ्याने हसले. "ऐकलंत? भुताटकी! बाईचं डोकं फिरलंय, साहेब."

"फिरलं असेल," मी म्हणाले. "साहेब, तुम्हीच एक बुडवून बघा."

शेवंतीने त्याच्यासमोर नवी कॉइल गुंडाळली. त्याच्यासमोर मी ती धुतली. त्याच्या हातात चिमटा दिला.

त्याने बुडवली, उचलली, आकड्याला अडकवली.

थेंब गळाला. दुसरा गळाला.

पंख्याचा घरघराट तेवढा चालू होता.

मग वार्निश मधोमध सावकाश बाजूला सरलं. कुणीतरी अंगठा दाबावा तसं.

शेवंतीने तोंडात पदर कोंबला. साठे हसायचे थांबले.

इन्स्पेक्टरने भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं. मग साठ्यांचा कागद घडी करून स्वतःच्या पिशवीत टाकला आणि वहीत लिहू लागला. मी वाकून वाचलं: 'पंखा एक महिना बंद. ठसा संशयास्पद. जबाब अमान्य.' कॉइलबद्दल त्याने एक अक्षर लिहिलं नाही. जाताना त्याने छत्रीच्या मुठीवरून दोनदा रुमाल फिरवला.

साठे पुढच्या महिन्यात नोकरीवरून गेले. मालनला मी स्वतः जाऊन सांगितलं, तुझ्या नवऱ्यावरचा ठपका गेला. ती खूप रडली. मीही रडले. वाटलं, आता थांबेल.

थांबलं नाही. नवा मॅनेजर कुरकुरला. मी म्हटलं, काटा पडत नाही, माल पास आहे. पटत नसेल तर स्वतः बुडवा. त्याने बुडवली नाही. कॉइल जात राहिल्या.

एप्रिलअखेर एका दुपारी सहज एक कॉइल भिंगाखाली धरली. रेघा त्याच, गोल फिरलेल्या.

चीर मात्र भरत आली होती. कडांना नवी कातडी धरली होती.