नवरदेवाची कॉन्टेसा

हार पुरेना.

दसऱ्याची सकाळ, मार्केट यार्डातला फुलबाजार, जिकडे तिकडे ओतलेले झेंडूचे ढीग, आणि त्या पिवळ्या-केशरी गोंधळाच्या कडेला उभी असलेली मोरपंखी रंगाची कॉन्टेसा. ऋतुजाने हाराचं एक टोक डाव्या दिव्यापाशी बांधलं, ते लांबलचक बॉनेट वळसा घालून दुसरं टोक उजवीकडे आणलं... आणि हार चांगला दोन हात कमी पडला. हल्लीच्या गाड्या सगळ्या नकट्या. त्यांच्या मापाचे हार करून ठेवले तर या गाडीने काय करायचं?

"याहून मोठा नाही का हो?" तिने विचारलं.

"हाच सगळ्यात मोठा," हारवाली मान वर न करता म्हणाली. "गाडी घेतानाच विचार करायचा होता."

"हा जोडून पाहा बरं," मागून कोणीतरी म्हणालं.

ऋतुजा वळली. उंच, सडपातळ, चष्मेवाला मुलगा. अंगातल्या नव्या कुर्त्यावर दुकानातली घडी तशीच. हातात एक भला मोठा हार.

"आणि तुमच्या गाडीला?"

"गाडी नाही. खोलीवरच्या कॉम्प्युटरसाठी घेतला."

"एका कॉम्प्युटरला एवढा हार!"

"भाव विचारला, तेवढ्यात त्यांनी पिशवीत घातला. मला पटकन नाही म्हणता येत नाही... लहानपणापासूनचं आहे." तो ओशाळून हसला. "कॉम्प्युटरला दोन फुलं चालतील. तो काही बोलायचा नाही."

दोघांनी मिळून गाठ मारली. हार ऐटीत बसला. ऋतुजा दोन पावलं मागे सरकून गाडीकडे बघत राहिली, आणि तो तिच्याकडे बघत राहिला. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिने उगाचच हाताला लागलेल्या पाकळ्या झटकल्या.

त्याचं नाव सुदर्शन. गाव यवतमाळकडचं दारव्हा, नोकरी सॉफ्टवेअरची, मुक्काम कोथरूडला. रिक्षा मिळत नव्हती.

"कोथरूड माझ्या वाटेवरच आहे," ऋतुजा म्हणाली. ते तिच्या वाटेवर अजिबात नव्हतं. तिला जायचं होतं खडकवासल्याकडे, नांदोशीला.

त्याने दार उघडताना विचारलं, "मागे बसू की पुढे?"

"मागे नवरदेव बसतात. तुम्ही नवरदेव आहात का?"

"अजून तरी कोणी विचारलं नाही."

"मग पुढे या."

मागच्या सीटची गोष्ट तिने वाटेत सांगितली. ही गाडी तिच्या वडिलांनी, मच्छिंद्र आण्णांनी, कांद्याला सोन्याचा भाव आला त्या वर्षी घेतली. नांदोशीत तेव्हा बैलगाड्या होत्या, दोन-तीन राजदूत मोटारसायकली होत्या आणि ही एक कॉन्टेसा. गावात लग्न निघालं की नवरदेवाचं परणं, म्हणजे लग्नाआधी मारुतीच्या पाया पडायला जाणारी वरात, याच गाडीतून निघायचं. नवरदेव कुठल्या का आळीचा असेना, मागच्या सीटवर बसायचा मान त्याचा. आण्णांनी कधी कोणाला नाही म्हटलं नाही. पुढे गाव शहरात गेलं, नव्या गाड्या आल्या, आणि कॉन्टेसा गोठ्यात जाऊन पडली. कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालायला लागल्या.

"त्या कोंबड्यांना हाकललं ते मी," ऋतुजा म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान होता आणि तो लपवायची तिला मुळीच इच्छा नव्हती.

का लपवावा? ती इंजिनिअर, चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या ब्रेकची चाचणी घ्यायची. सुट्ट्या, पगार आणि हातांची नखं, सगळं तिने या गाडीत घातलं होतं. बाहेरून गाडी अगदी लग्नाच्या फोटोंमधली, क्रोमची पट्टी न् पट्टी जुनी. आत मात्र नव्या जमान्याचं दांडगं इंजिन, नवा गिअरबॉक्स, आणि चारी चाकांना तिने स्वतः बसवलेले डिस्क ब्रेक. आरटीओची परवानगीसुद्धा तिने रीतसर काढली होती. सिग्नलला कॉलेजची मुलं ओरडायची, "मॅडम, खरी मसल कार!" आणि ऋतुजा मानसुद्धा न वळवता मनातल्या मनात फुलायची.

राजाराम पुलाच्या अलीकडे रस्ता मोकळा मिळाला. तिने पाय दाबला. गाडीने असा काही हुंकार दिला की सुदर्शनची पाठ सीटला चिकटली. आणि तेवढ्यात... एक कुत्रं आडवं आलं.

गाडी थांबली. करकचून नाही, तिरकी होऊन नाही. सरळ रेषेत, जागच्या जागी. हार तेवढा एकदा पुढे झुलला.

सुदर्शनने श्वास सोडला. "काय थांबली हो!"

ऋतुजाने त्याच्याकडे वळून पाहिलं. आजवर या गाडीत बसलेला प्रत्येकजण म्हणाला होता, काय पळाली! थांबण्याचं कौतुक करणारा हा पहिलाच. आणि थांबणं हीच तर तिची खरी कमाई होती. तिच्या छातीत काहीतरी हललं, आणि ते इंजिन नव्हतं.

कोथरूडला तो उतरला, तेव्हा दोघांकडे एकमेकांचे नंबर होते.

मग रविवार यायला लागले. खडकवासल्याच्या चौपाटीवर गाडी लावायची, भाजलेलं कणीस घ्यायचं, धरणावरचा वारा खात बसायचं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलंच नाही. तो दारव्ह्याच्या गमती सांगायचा आणि हसण्याच्या भरात 'मला'चं 'मले' व्हायचं. मग ती चिडवायची, आणि तो जास्तच 'मले' करायचा.

पण ऋतुजाचं मन बसलं ते एका वेगळ्याच गोष्टीवर. त्याने गाडीची चावी कधीच मागितली नाही.

तिला बघायला आलेल्या प्रत्येक मुलाने ती मागितली होती. पोहे संपले की हात पुढे. "द्या चावी, जरा चक्कर मारतो." एकाने चक्कर मारून आल्यावर सांगितलं होतं, लग्नानंतर ही विकू, तुम्हाला छोटी ऑटोमॅटिक घेऊन देऊ. त्या दिवशी ऋतुजाने ठरवलं होतं— जो चावी मागेल, त्याला मी नाही. या गाडीशेजारी जो बसू शकेल, तोच माझ्याशेजारी बसेल. सुदर्शन शेजारी बसला होता. किती सहज, किती आनंदाने! तिने आण्णांना सांगून टाकलं, "असा मुलगा सापडला बघा, ज्याला चावीचा मोह नाही."

आण्णांनी मिशीवरून हात फिरवला. "येऊ दे की त्याला. विश्वजीतच्या लग्नाला बोलाव. गाव बी बघंल."

विश्वजीत तिचा चुलतभाऊ. बऱ्याच वर्षांनी पहिल्यांदाच नांदोशीचा नवरदेव कॉन्टेसातून मारुतीला निघणार होता. दारात गाडी चमकत होती, बँड तयार, गाव जमलेलं. विश्वजीत मागे जाऊन बसला. आणि आण्णांनी चावी ऋतुजाला दिली नाही. ते सुदर्शनपुढे जाऊन उभे राहिले.

"पाव्हणं, आज नवरदेवाला तुमी न्या. घरचा माणूस होणार तुमी."

केवढा मान! ऋतुजाचे डोळे भरून आले. तिने अभिमानाने सुदर्शनकडे पाहिलं... आणि तो पांढराफटक पडला होता. चावी त्याच्या उघड्या तळहातावर तशीच होती. बँडवालेही थांबून बघत होते.

"काका," तो म्हणाला, आवाज बारीक पण स्पष्ट, "मले गाडी चालवताच येत नाही."

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि हसू आळीभर पसरलं. ऋतुजाचे कान तापले. म्हणजे चावी मागितली नाही ती याच्यासाठी? आणि आपण मोह नाही, मोह नाही म्हणून गावभर मिरवलं! तिने त्याच्या हातातून चावी घेतली आणि गाडीत बसली.

परण्याला गाडी माणसाच्या चालीने चालते. एवढं ताकदवान इंजिन, आणि पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलांनी. तापमानाचा काटा जागचा हलला नाही. तापली होती ती ऋतुजा. काचेतून तिला पुढे सुदर्शन दिसत होता. तो गेला नव्हता. लोक हसत होते, तरी तो गाडीच्या पुढे चालत होता, कोणी बॉनेटला टेकायला आलं की हात जोडून बाजूला करत होता, लोंबणारी मंडपाची वायर काठीने वर धरत होता. टपावर एक ओरखडासुद्धा उठू दिला नाही त्याने.

नवरदेव देवळात गेला, तेव्हा ती खाली उतरली.

"मला फसवलंत तुम्ही."

"परत 'तुम्ही'?" तो म्हणाला. "फसवलं नाही गं. तू कधी विचारलंच नाहीस."

"येत नाही म्हणूनच मागितली नाहीस ना चावी?"

"येत नाही हे खरं. पण शिकव तर म्हणू शकलो असतो." त्याने चष्मा पुसला, परत घातला. "तू गिअर टाकतेस ना... तेव्हा खालचा ओठ जरासा दाबतेस. मला ते बघायचं असतं. चालवायला लागलो, तर रस्त्याकडे बघावं लागेल."

ऋतुजाला रागवायचं होतं. मनापासून. पण खालचा ओठ नेमका तेव्हाच दाबला गेला, आणि तो हसला, आणि मग तीही.

"नाही म्हणता येत नाही ना तुला?" ती म्हणाली. "आज मात्र म्हणता आलं. एवढ्या गावासमोर."

"मागे तुझा भाऊ बसला होता. आणि गाडी तुझी होती."

पलीकडून आण्णा आले. हसणाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आमच्यातला कोण बी असता तर गाडी पारावर घातली असती, पण येत नाय म्हनला नसता. याला छाती लागती. पोरी, मानूस पक्का हाय."

काही महिन्यांनी परणं होतं ते सुदर्शनचं. दारव्ह्याची सगळी मंडळी नांदोशीत उतरली. ऋतुजाच्या आत्याबाईंनी, यमुनाबाईंनी, दोघांना बजावून ठेवलं होतं, "अंतरपाट सरंस्तोवर नवरा-नवरीनं एकमेकांकडं बघायचं नाय." बॉनेटवर एकाला एक जोडलेले झेंडूचे दोन हार होते. सुदर्शनने मागचं दार उघडायलाच नकार दिला. बाशिंग सांभाळत तो पुढे बसला.

"अहो, गाडी झकास आहे," दारव्ह्याचे मामा आण्णांना म्हणाले. "ड्रायव्हर कोण आहे?"

मच्छिंद्र आण्णा एवढे ताठ उभे राहिले की फेटा वीतभर उंच वाटला.

"नवरी हाय!"

हिरवा चुडा स्टिअरिंगवर किणकिणला. कॉन्टेसाने हुंकार दिला, बँड सुरू झाला. आत्याबाईंच्या धाकाने सुदर्शन समोर बघत होता, बिचारा नुसता रस्त्याकडे. आणि कधीही रस्त्यावरची नजर न काढणाऱ्या ऋतुजाने, आपल्या ब्रेकवर भरवसा ठेवून, पहिल्यांदाच मान वळवून बाजूला पाहिलं.