खुडलेला शेंडा

जयाबाई कशाला तरी भ्याली असं कुणी सांगितलं असतं, तर अख्खं वडगाव पोट धरून हसलं असतं. नवरा गेला तेव्हा दिरानं हातमाग विकायला काढला होता. गिऱ्हाईक दारात उभं. ही बाई मागाखालच्या पाय सोडायच्या खड्ड्यात उतरून बसली आणि म्हणाली, "न्या की. माझ्यासकट न्या." गिऱ्हाईक आल्या पावली परत गेलं. त्या दिवसापासून माग तिचा, घर तिचं, आणि तोंड तर आधीपासूनच तिचं होतं. तर अशा बाईची ही गोष्ट. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यातली.

विणलेली लुगडी घेऊन ती अधूनमधून कॅम्पात, लष्कराच्या वस्तीत, जायची. तिथं एका मिलिटरीवाल्याची म्हातारी विधवा राहायची, सगळे तिला मॅडम म्हणत. मॅडम हातानं विणलेलंच घ्यायची. त्या दिवशी जयाबाई गेली तर बंगल्याचं दार सताड उघडं, आत खोकी बांधून ठेवलेली, आणि माळी भरमू व्हरांड्याच्या पायरीवर एकटाच बसलेला.

"मॅडम वारल्या, जयाक्का," तो म्हणाला. "माणसं आलती, सामान न्यायलेत."

जयाबाईला वाईट वाटलं. खरोखर वाटलं, कारण मॅडमनं कधी घासाघीस केली नव्हती. पण तिची नजर गेली ती व्हरांड्यात टांगलेल्या कुंडीवर. कुंडीतून एक झाड चारी अंगांनी खाली लोंबत होतं. पानाची वरची बाजू हिरवी, तिच्यावर चांदीचे दोन पट्टे, आणि पान उलटलं की खाली गर्द जांभळा रंग. विणकराच्या बाईला असा रंग दिसला की तिचे हात शिवशिवतात. हा जांभळा लुगड्याच्या काठाला उतरला तर शहापुरातले व्यापारी घर शोधत येतील, असं तिच्या मनात आलं.

"ही कुंडी कोण न्हेणार?"

"कोण न्हाय. टाकूनच देणार." भरमू उठला, पण कुंडी काढायला त्याचा हात काही लवकर गेला नाही. "न्ह्या म्हणा, पण जपाय लागतंय. उजेड भरपूर, पर ऊन नगो. उजेड कमी पडला की पट्टे जात्यात. बोट घालून माती बघायची, कोरडी लागली तरच पाणी. लई लांबलं की बुडाला उघडं पडतंय, मग शेंडं खुडायचं आणि त्याच कुंडीत खोवायचं. त्याच कुंडीत. दुसरीकडं लावायचं न्हाय, कुणाला द्यायचं न्हाय."

"का बरं?"

"मॅडम म्हणायच्या... न्हायतर ते शोधत फिरतंय."

जयाबाई खळखळून हसली. "शोधू दे की! पाय फुटले तर मागावर बसवीन त्येला." आणि कुंडी काखेत मारून ती टांग्यात बसली.

घरी तिची लेक अंजना बाळंतपणाला आली होती. सासर चिकोडीचं. आदल्या वर्षी तिचं पोट पडलं होतं, आणि सासूनं तेव्हापासून तोंड फिरवलं होतं. जावई बापडा भला, पण आईपुढं मुका. या वेळी लेकरू धड हाती आलं नाही तर पोरीला परत नांदवतील की नाही, याची जयाबाईला आतून धास्ती होती. वरून मात्र ती ताठ. "माझ्या घरात आलीस न्हवं? मग काय बी हुत न्हाय," असं लेकीला रोज ऐकवायची.

विणकराच्या घरी एक रीत असते. गरोदर लेक माहेरी आली की आई मागावरच्या ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, सूत घेते, हळदीत बुडवते आणि लेकीच्या मनगटाला बांधते. बाळंत होईपर्यंत त्याला कात्री लावायची नाही. त्याच सुताचं उरलेलं रीळ मागाशेजारी खुंटीला टांगून ठेवायचं आणि दुसऱ्या कुठल्याही कामाला घ्यायचं नाही. जयाबाईनं हे सगळं नीट केलं होतं. पिवळं रीळ खुंटीला होतं.

मागाला उजेड लागतो म्हणून माग खिडकीशी, आणि झाडालाही उजेड पाहिजे म्हणून जयाबाईनं शिंकं करून कुंडी त्याच खिडकीत टांगली. झाडाला ते मानवलं. पट्टे आणखी उजळले, जांभळा दाटला. ती रोज सकाळी बोट घालून माती बघायची, कुंडी थोडी फिरवून ठेवायची, पिकलं पान काढायची. मॅडमनंसुद्धा एवढं केलं नसेल, असं ती स्वतःच म्हणायची.

शेजारची अंबुबाई हे बघून हळहळायची. दोन्ही घरांत भिंत एकच. एक दिवस ती म्हणाली, "जयाक्का, एक शेंडा दे की गं. डालड्याच्या डब्यात लावतो."

जयाबाईला भरमूचं बोलणं आठवलं, नाही असं नाही. पण शेजारणीला एवढ्याशा शेंड्याला नाही म्हणायचं, आणि तेही एका माळ्याच्या सांगण्यावरून? तिनं सगळ्यात लांब फांदीचा शेंडा नखानं खुडला आणि दिला.

चारआठ दिवसांत झाडानं दिशा बदलली. खिडकीकडं वाढणाऱ्या फांद्या उजेडाकडं पाठ करून भिंतीला लागल्या, अंबुबाईच्या बाजूच्या भिंतीला. जयाबाई सकाळी कुंडी फिरवायची, आणि दिवस कलता कलता त्या पुन्हा भिंतीवर टेकलेल्या असायच्या. "हट्टी हाय," ती म्हणाली, आणि तिला ते आवडलंही, कारण हट्ट तिला समजत होता.

तिकडं अंबुबाईनं मायेनं पाणी घालून घालून तो शेंडा कुजवला. डबा तिनं उकिरड्यावर पालथा केला. त्याच संध्याकाळी जयाबाईच्या झाडाच्या फांद्या भिंतीवरून सुटल्या आणि सरळ खाली लोंबल्या. पानं मलूल झाली. जयाबाईनं मातीत बोट घातलं. माती ठीक होती. उजेड ठीक होता. तिला काही समजेना.

जिचा शेंडा खुडला होता ती फांदी तर मान टाकून मागावर येऊन पडली होती. अंबुबाई दारात उभी राहून डब्याची कर्मकहाणी सांगत होती आणि जयाबाई तिला फैलावर घेत होती, "पाणी म्हंजे काय गुळाचं पाणी वाटलं व्हय तुला? बुडवून मारलंस की!" आणि बोलता बोलता तिच्या हातांनी आपलं काम केलं. विणकराच्या हाताला तुटकं टोक बघवत नाही. ताण्यातला धागा तुटला की बोटं आपोआप शेजारचं सूत ओढतात आणि टोक सांधतात, त्यासाठी डोकं लागत नाही. तिच्या बोटांनी खुंटीवरच्या रिळाचं सूत ओढलं, फांदीच्या खुडलेल्या टोकाला गाठ मारली आणि फांदी उचलून खिडकीच्या गजाला बांधली.

रीळ पिवळं होतं, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून झाड टवटवीत. जयाबाई खूश. अंजना मात्र दुपारची लवकर झोपायला लागली, आणि उठली की थकलेली दिसायची. "उकाड्यानं," जयाबाई म्हणायची. खोलीला ओल्या मातीचा वास यायचा. वैशाखाचा फुफाटा, विहिरीनं तळ गाठलेला, आणि घरात मात्र नुकत्याच उकरलेल्या मातीचा वास.

मग ती दुपार आली. वडगावात यंत्रमागांची खटखट दिवसभर चालते, कानाला तिची सवय होऊन जाते. त्या दुपारी करंट गेला. गल्लीतले सगळे यंत्रमाग एकदम थांबले. असं झालं की इतकं सुनं वाटतं की माणूस आपल्याच घरात दबकून चालायला लागतं. जयाबाई मागच्या अंगणात कांडीवर सूत भरत होती. आतून तिला आवाज आला. सर... सर... जमिनीवरून ओलं फडकं ओढावं तसा.

आणि मग अंजनाचा आवाज. हळू. कुणाशी तरी बोलत असल्यासारखा.

जयाबाई आत आली. अंजना मागाच्या कडेला चटईवर डाव्या कुशीवर झोपली होती. खिडकीच्या गजाची गाठ तशीच होती. पण तिथून ती फांदी खाली उतरली होती, ताण्यावरून, मागाच्या फणीवरून, जमिनीवरून, आणि अंजनाच्या मनगटापर्यंत आली होती. फांदीच्या पेरापेरातून पांढरी मुळं फुटली होती. केसाएवढी बारीक. ती त्या हळदीच्या सुतात शिरली होती, सुतातून खाली कातडीला टेकली होती.

"अंजे..." जयाबाई चटईशी वाकली. "अंजे, कुणाशी बोलायलीस?"

अंजनानं डोळे उघडले नाहीत. "त्या म्हाताऱ्या बाई आल्यात... मागत्यात."

"काय मागत्यात?"

"एक दे म्हणत्यात... माझं एक गेलं, तुझ्यातलं एक दे..."

"मग? तू काय म्हणालीस?"

झोपेतच अंजना हसली. "लई रडायल्यात हो आई... मी हूं म्हटलं."

जयाबाई भ्याली. हे पहिल्यांदा झालं, आणि तिला त्याचा रागच आला. तिची नजर खुंटीवरच्या पिवळ्या रिळाकडं गेली, गजाकडं गेली, लेकीच्या मनगटाकडं गेली. एकाच सुताचं एक टोक तिनं लेकीला दिलं होतं आणि दुसरं झाडाला. आपल्याच हातानं. तिनं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

कात्री कोनाड्यात होती. तिनं तिला हात लावला नाही. बाळंत होण्याआधी ते सूत कापणं म्हणजे लेकीचंच काही कापणं. ती खाली बसली. "माझ्या हातची गाठ मला सुटत न्हाय व्हय?" असं मोठ्यानं म्हणाली, कुणी ऐकत असेल तर ऐकावं म्हणून. आधी मनगटावरची मुळं एकेक करून सोडवली. ती सुटताना बारीक टचटच आवाज येत होता, आणि प्रत्येक आवाजाला अंजनाच्या कपाळावर आठी पडत होती. मग गजापाशी, फांदीच्या खुडलेल्या टोकाची गाठ. घामानं बोटं घसरत होती. शेवटी तिनं दातांनी ओढली आणि गाठ सुटली. त्याच क्षणी करंट आला आणि सगळी गल्ली खटाखट सुरू झाली.

अंजना उठून बसली. "काय झालं, आई?"

"काय न्हाय. झोप तू."

जयाबाईनं अंबुबाईला लेकीजवळ बसवलं, कुंडी घेतली आणि उन्हातच टांगा करून कॅम्प गाठला. बंगल्याला कुलूप होतं. भरमू मागच्या खोलीत होता. कुंडी बघून तो दाराच्या आत सरकला.

"खुडलं व्हतं?"

"व्हय."

"खुडलेलं कुठाय?"

"कुजलं," जयाबाई म्हणाली.

भरमू जमिनीकडं बघत म्हणाला, "मग त्येचं एक देणं ऱ्हायलंच की, जयाक्का..."

"ऱ्हायलं तर ऱ्हायलं! मी न्हाय देणार," ती कडाडली. "तुझ्या मेलेल्या मॅडमला सांग, म्हणावं जयाबाईच्या घरातनं तुला काय बी मिळणार न्हाय." तिनं स्वतः कुदळ घेऊन व्हरांड्याजवळ खड्डा केला, झाड मुळासकट त्यात लावलं, वर पाणी ओतलं आणि मागं न बघता निघून आली. रात्री तिनं पोटभर भाकरी खाल्ली. झालं ते निस्तरलं, असं तिला मनापासून वाटत होतं.

त्याच आठवड्यात एका रात्री अंजनाला कळा सुरू झाल्या. सोनुबाई सुईण आली. वडगावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. सूर्य वर यायच्या आत अंजना मोकळी झाली. मुलगी. लालबुंद, दणदणीत, रडून घर डोक्यावर घेणारी. जयाबाईनं नातीला दोन्ही हातांत उचललं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "जावा, चिकोडीला निरोप धाडा! म्हणावं, बघून जावा माझी नात!"

सोनुबाईनं तिला बाहेर यायची खूण केली. मागच्या अंगणात.

सुईण पाटीतल्या, बाळामागून पडलेल्या वारेकडं बघत उभी होती. "जया," ती हळू म्हणाली, "पोरगीच्या मागनं आनी काय आलं न्हाय. मी हातरूण सुदीक बघितलं... पर ह्या वारेला नाळा दोन हायत."

जयाबाईनं बघितलं. दोन होत्या. एक सोनुबाईनं कापलेली. दुसरीला कुणीच नव्हतं.

"कुणाला सांगू नगोस, मावशी," जयाबाई म्हणाली. तिचा आवाज अजून ठाम होता. तिनं स्वतःच वार पुरली, वर दगड ठेवला, हात धुतले, पदर नीट केला. एक तर वाचलं, धडधाकट हाय, असं ती स्वतःला सांगत आत आली.

अंजना बाजेवर पडली होती. मुलगी तिच्या उजव्या अंगाला शांत झोपली होती. जयाबाई डाव्या बाजूला टेकायला गेली, तर अंजनानं हात आडवा केला.

"आई, हळू... तिकडं नगो बसू." ती कुजबुजली. "लई येळ रडलं. आत्ताच झोपलंय ते."

तिच्या डाव्या हाताच्या वळशात नुसती वाकळ होती. जयाबाईनं वाकून तिथं हात ठेवला. वाकळ गरम होती, आणि मधोमध दबलेली होती.