सतरा नंबरची खाट

प्रभावतीकाकूंच्या डब्यावर निनाद तीन वर्षं जगला, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं सगळं नुसतं नकाशांचं वाटेल. नोकरीसाठी नाशिकहून जयपूरला आलेला एकटा पोरगा. ऑफिस झालान्यात, जंगलाच्या भिंतीला लागून. दुपारी एकला डबेवाले भैया स्कूटरवरून डबा ठेवून जायचे. दाल-बाटीच्या गावात मऊसूत पोळ्या, वरण-भात, दर शुक्रवारी पाटवडीचा रस्सा. काकूंचं सांगणं एकच: डबा धुऊन परत आला पाहिजे आणि अन्न टाकायचं नाही.

काकूंचे यजमान गुलाबराव मूळ भुसावळचे. जन्मभर इंजिन चालवलेला माणूस. बदलीवर जयपूरला आले, निवृत्त झाल्यावर सोडाल्यात दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं आणि वर्षाच्या आत अर्धांगानं खाटेला खिळले. खाटेसमोर उत्तरेची खिडकी. खिडकीत कडुनिंब, आणि त्याच्या पानांतून नाहरगडचा तट. इंजिनात सिग्नल दिसला की एकानं हात वर करून तो मोठ्यानं सांगायचा आणि जोडीदारानं तोच परत म्हणायचा, अशी रेल्वेची रीत. ती गुलाबरावांनी खाटेवरही सोडली नाही. रोज सकाळी धडधाकट हात वर करून म्हणायचे, "गड दिसतोय." काकू स्वयंपाकघरातून उत्तर द्यायच्या, "दिसतोय." मग कुठे चहा.

आता निनादचं काम. विमानातून लेझरचा मारा करून अख्खं शहर मोजतात. प्रत्येक छप्पर, पाण्याची टाकी, झाडाचा शेंडा ठिपक्याठिपक्यांनी संगणकात उतरतो. मग नकाशात कुठेही एक डोळा ठेवायचा आणि विचारायचं, इथून काय काय दिसतं? दिसेल तिथे हिरवं, दिसणार नाही तिथे लाल. सोडाल्यात चौदा मजली टॉवर व्हायचा होता. त्याच्या परवानगीत अट होती की आज ज्या घरांतून गड दिसतो, त्यांच्या आड इमारत येता कामा नये. बाकीचे आक्षेप मिटले, शेवटी एकच उरला. गुलाबरावांचा.

निनाद टेप घेऊन स्वतः गेला. उशीवरच्या डोळ्यांची उंची जमिनीपासून एकाहत्तर सेंटिमीटर भरली. नकाशात ठेवायच्या डोळ्यांच्या यादीतला हा सतरावा. त्यानं उशीजवळ डोकं टेकवून पाहिलं. गड दिसत होता. गुलाबराव हात वर करून त्याच्याकडे बघत राहिले. काय करणार, रीतच ती. निनाद म्हणाला, "दिसतोय, काका."

ऑफिसात साहेबांनी त्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं, झाड भरीव धर. लेझर पानांच्या फटींतून आरपार जातो. म्हणून झाड जाळीदार मानायचं की भिंतीसारखं भरीव, हे मोजणाऱ्याच्या हातात असतं. निनादची नोकरी कायम व्हायची होती आणि तो कागद साहेबांच्या टेबलावर होता. त्यानं एक खूण बदलली. सतरावा डोळा अख्खा लाल झाला. या घरातून गड आजही दिसत नाही, असा अहवाल गेला.

तो शुक्रवार होता. डब्यात पाटवडीचा रस्सा आला होता. ज्या बाईचं मीठ खाल्लं तिच्याच खिडकीत त्यानं भिंत घातली होती, आणि ती अजून तव्यापाशी उभी राहून त्याच्यासाठी पोळ्या लाटत होती. तो डबा घेऊन मागच्या भिंतीपाशी गेला, आजूबाजूला कुणी नाही हे दोनदा पाहिलं आणि सगळं कुत्र्यांपुढे ओतलं. डबा धुतला. संध्याकाळी काकूंनी फोनवर विचारलं तेव्हा पाटवडी फर्मास झाली होती, म्हणून मोकळा झाला.

टॉवर उभा राहिला. त्याच्या फाटकासाठी कडुनिंबही तोडला. म्हणजे ज्या झाडाच्या माथी सगळं मारलं, तेही गेलं. गुलाबराव सकाळी हात वर करीनात. सिग्नल दिसत नसेल तर गाडी पुढे काढायची नसते, असं एकदा म्हणाले, आणि दोन महिन्यांत संपले. पुण्यानुमोदनाला निनाद गेला, बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली आणि पंगत बसायच्या आत सटकला. काकूंनी त्याचा डबा मात्र बंद केला नाही. तो रोज खात होता आणि रोज स्वतःला शिव्या देत होता.

फेब्रुवारीत नवं काम आलं. नमुना म्हणून त्यानं जुन्या यादीतले सगळे डोळे पुन्हा चालवले. सतरावा लाल यायला हवा होता. लालच आला, एक चौकोन सोडून. हिरवा, मीटरभराचा. झालान्यात, जंगलाच्या भिंतीपाशी.

ती खिडकी उत्तरेची. झालाना तिच्या पाठीमागे, सात-आठ किलोमीटरवर. मधे खाटेच्या उशाची भिंत, शेकडो घरं, निम्मं शहर.

चोराच्या मनात चांदणं, असं म्हणून तो स्वतःशी हसला. चुकार ठिपका असेल म्हणून काढून टाकला. पुन्हा चालवलं, चौकोन तिथेच. शेजारच्या सुवर्णानं तिच्या मशीनवर करून पाहिलं, तिलाही तेच. ही तर आपली मागची भिंत, असं म्हणून ती चहाला निघून गेली.

तिसऱ्यांदा चालवलं तेव्हा चौकोन दोन होते. दुसरा ऑफिसच्या छपराखाली. विमानातल्या लेझरला छपराखालचं काही दिसत नाही. नकाशात ती जागा रिकामी असते. प्रत्यक्षात तिथे निनादची खुर्ची होती.

तो उठला. पलीकडच्या टेबलावर जाऊन बसला आणि तिथून चालवलं.

चौकोन सरकला होता.

डबा न उघडताच तो सोडाल्याला निघाला. पोचला तेव्हा तीन वाजले होते. काकूंनी दार उघडलं, डब्याचं वजन हातात जोखलं आणि त्याला आत घेतलं.

खाट फिरवलेली होती. खिडकीकडे पाठ. समोर झालान्याच्या बाजूची कोरी भिंत.

"काकू, गड दिसत होता," निनाद उभ्याउभ्याच म्हणाला. "मी खोटं लिहिलं."

"ठाऊक आहे, बेटा."

त्यानं विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं. आवाज अगदी साधा, दुधाचा हिशोब सांगावा तसा.

"यांनीच सांगितलं होतं. त्याच शुक्रवारी, दुपारी. म्हणे, पोरगं जेवलं नाही गं, भिंतीपाशी नेऊन कुत्र्यांना घातलं सगळं. मला वाटलं, आजारानं बडबडतात. मतलब, डबा तर धुऊन आला होता ना."

निनाद खाली बसला.

त्याला माफी मागायची होती. तोंड उघडलं, पण कुणाची मागायची ते कळेना. काकूंनी त्याच्याच डब्यातलं ताटात वाढलं आणि ताट खाटेसमोर, भिंतीलगत ठेवलं.

"इथं बस. आज काही टाकू नको."

त्यानं मान खाली घातली आणि घास घेतला. खाटेवर कुणी नव्हतं. चादर ताठ होती. खाली रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न वाजत होते, घरात कुणी काही बोललं नव्हतं.

स्वयंपाकघरात नळ सुरू होता. तो बंद झाला.

"दिसतोय," आतून काकू म्हणाल्या. मग जरा थांबून, "हो. जेवतोय."