पहारेकऱ्याचे डोळे

श्रेयाच्या त्या गेमबद्दल माझं मत पहिल्यापासून वाईट होतं. मोबाइलवर किल्ले बांधायचे, राक्षसांच्या फौजा पाळायच्या आणि दुसऱ्याच्या किल्ल्यावर सोडायच्या. रिकामटेकड्यांचा उद्योग. वर आणखी त्या ध्यानांची हौसेनं चित्रं काढायची; त्याला म्हणे फॅन आर्ट म्हणतात. पुंडलिकनगरच्या दोन खोल्यांत आम्ही मायलेकीच. तिच्या टेबलावर असला एखादा रंगवलेला किल्ला कायम सुकत पडलेला. ह्या वेळच्या किल्ल्याचे बुरूज तिनं दौलताबादचे उचलले होते. दारात त्या गेममधला काळ्या चिलखतातला पहारेकरी, शिरस्त्राणाच्या आत नुसता काळोख.

"ह्याला डोळे कुठंयत?" मी विचारलं.

"त्याला नसतातच, आई. कुणीच काढत नाही त्याचे."

"आंधळा पहारेकरी. लई हुशार लोक आहेत तुमचे."

ती हसली. श्रेया आधी डोळ्यांनी हसते. तोंड मागनं येतं. तेवढ्यासाठी मी तिचे सगळे किल्ले सहन करायची.

मी गणपतीच्या कारखान्यात डोळे आखते. कुणी शिकवलं नाही. तुटक्या मूर्तींवर गिरवून हात बसवला. डोळे सगळ्यात शेवटी, अन् आखून झाले की मूर्तीच्या तोंडावर रुमाल, ती घरी पाटावर बसेपर्यंत. उघडी नजर रिकामी सोडायची नाही, एवढंच आम्हाला ठाऊक. माझ्या हातची डाव्या पापणीची रेघ टोकाला जरा वर उडते. कारखान्याचे मालक सर्जेराव गिऱ्हाइकांना सांगतात, करुणाताईंचे गणपती डोळा मारतात.

श्रेया पैठणला मैत्रिणीकडं गेली होती, त्या दुपारी मी पहारेकऱ्याला डोळे दिले. चित्र स्पर्धेला जायचं होतं. पोरीचं काम अर्धवट दिसू नये, असंही मनात होतं. पण हात चालला तो तुच्छतेनं. गणपतीला मी मायेची नजर देते. ह्याला दिली, मला त्याच्याबद्दल जे वाटत होतं तशी. समोरचा माणूस म्हणजे पायपुसणं, अशी. वर रुमाल टाकला नाही. कार्टूनला कसला रुमाल?

श्रेया रागावली नाही. काळा रंग घेऊन तिनं डोळे बुजवले आणि माझ्या पाठीवरनं हात फिरवून झोपायला गेली. सकाळी डोळे काळ्या रंगाच्या वर होते. तिला वाटलं, मीच पुन्हा काढले. मी नाही म्हटलं, ते तिला पटलं नाही.

मग नाशिकहून प्रणयचा फोन आला. हाही असलीच चित्रं काढतो, त्यातूनच दोघांची ओळख. त्याचा पहारेकरी केव्हाचा काचेच्या चौकटीत भिंतीवर होता, बिनडोळ्यांचा. आता डोळे आले होते. त्यानं फोटो पाठवला. डाव्या पापणीची रेघ टोकाला वर उडालेली.

"तू नाशिकला कधी गेलतीस?" श्रेयानं मला विचारलं. चेष्टा करायला गेली, पण आवाज तसा निघाला नाही.

मग तिनं गेम उघडला आणि बराच वेळ बघत बसली. तिथला पहारेकरी कधीच जागा सोडत नाही, म्हणाली. आज दार उघडं आहे आणि दारात कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून येताना मी धुतलेला रुमाल खांद्यावर टाकून आणला. उशिरा का होईना, झाकावं. टेबलापाशी गेले.

शिरस्त्राणात काळोख होता. बोट फिरवलं. रंग गुळगुळीत, खाली काही नाही. डोळे गेले होते.

मला इतकं हायसं वाटलं की मी गुणगुणत भाकरी थापल्या. श्रेयाला हाक मारली. ती येऊन ताटावर बसली.

"वरण वाढू?"

"वाढ."

आवाज तिचाच. तिनं मान वर केली. हसलीसुद्धा, पण आधी तोंड हसलं.

मी डोळ्यांची वाट बघत राहिले.

डावी पापणी टोकाला जरा वर उडालेली होती.

"काय बघतेस?" तिनं विचारलं. पायपुसण्याला विचारावं तसं.

माझा हात आपोआप खांद्यावरच्या रुमालाकडं गेला.